आमंत्रणातलं ‘कऱ्हाड’ दर वेळी मोडतं, मग आम्ही काय करतो

मंडळी, हा प्रॉब्लेम आमच्या कॉम्प्युटर क्लबात इतक्या वेळा आलाय की त्याच्यासाठी एक वेगळी वहीच केलीय. वहीवर मोठ्या अक्षरात ‘बिघाड’ असं लिहिलंय आणि पहिल्या पानावर आमचं कोजागिरीचं आमंत्रण चिकटवलंय, जे ग्रुपवर पडलं तेव्हा त्यात एकही मराठी अक्षर नव्हतं, नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच टक्क्याचं चिन्ह. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ आजोबांनी लगेच उलट मेसेज टाकला, ‘पासवर्ड मिळाला, आता हा कुठे टाकायचा?’ आणि दोघेजण खरंच त्यांना फोन करून विचारत होते की कुठलं खातं उघडायचंय. शेवटी मी प्रत्येकाला फोन करून सांगितलं की रात्री आठ वाजता प्रीतिसंगमाच्या घाटावर या, दूध क्लबातर्फे आहे, पेला घरून आणा.

तर प्रॉब्लेम असा, एका कॉम्प्युटरवर व्यवस्थित दिसणारं मराठी दुसरीकडे गेलं की बिघडतं. आमंत्रण, वर्गणीची यादी, फ्लेक्स, सभेचा वृत्तांत, काहीही. आणि सगळ्यात जास्त मार खातं ते आमच्या गावाचं नाव, कारण कऱ्हाड लिहायला जो र लागतो तोच नेमका सगळ्यात नाजूक आहे. त्याच्यावर खाली सविस्तर लिहिलंय, कारण माझा जीव त्यातच अडकलाय. क्लबात बऱ्याच जणांनी कंटाळून ‘कराड’ लिहायला सुरुवात केली, ते चुकीचं नाही, पाट्यांवरही तेच असतं. पण गावाचं नाव कसं लिहायचं हे कॉम्प्युटरने का ठरवायचं? मला कऱ्हाड लिहायचं असेल तर ते लिहिता आलं पाहिजे आणि समोरच्याला ते तसंच दिसलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी एक कळकळीची विनंती. बिघडलेला मजकूर दिसला की घाबरून परत टाईप करायला बसू नका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती फाईल सेव्ह करू नका. नुसती बंद करा, सेव्ह करू का विचारलं तर नाही म्हणा. बहुतेक वेळा मजकूर आत धडधाकट असतो, फक्त दाखवणाऱ्याचा गोंधळ झालेला असतो. आम्ही पहिली दोन वर्षं हे न कळून मोठमोठी पत्रकं पुन्हा टाईप केली, आमच्या मराठीच्या बाईंनी तर एकदा अख्खा अकरा पानी अहवाल पुन्हा केला. नंतर समजलं की मूळ फाईल अगदी ठणठणीत होती.

म्हणून आता आमचा पहिला प्रश्न एकच असतो, समोर नक्की काय दिसतंय? ‘मराठी दिसत नाही’ हे उत्तर आम्ही घेत नाही. चौकोन दिसतायत, की इंग्रजी अक्षरं, की प्रश्नचिन्हं, की डोक्यावर काडी असलेली विचित्र अक्षरं, की मराठीच आहे पण वेलांट्या भलतीकडे गेल्यात, हे सांगायचं. कारण ह्या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

कोजागिरीच्या आमंत्रणाचं काय झालं होतं ते आधी सांगते. ते आमच्या टायपिस्ट काकांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाईप केलं होतं. काका सरकारी कचेरीतून टायपिस्ट म्हणून रिटायर झालेत, रेमिंग्टन मशीनवर आयुष्य गेलं, कॉम्प्युटर आला तेव्हा तीच बोटं तशीच चालावीत म्हणून त्यांनी जुन्या पद्धतीचा फॉन्ट घेतला. कृती देव, शिवाजी, श्रीलिपी ही नावं तुम्ही ऐकली असतील, छापखाने आणि कचेऱ्या वर्षानुवर्षं अशाच फॉन्टवर चालल्या आणि त्या काळी त्यांच्यामुळेच मराठी पडद्यावर आली हे विसरून चालणार नाही. पण ह्यांची गंमत अशी की आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला असतो. कृती देवमध्ये ‘मराठी’ लिहिलं की फाईलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं जातात. म साठी ई, र साठी जे, कान्याला के, ठ साठी मोठी बी, आणि दीर्घ वेलांटीला एच. काकांच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आहे म्हणून मराठी दिसतं, तुमच्या मोबाईलवर मुखवटा नाही म्हणून खरा चेहरा दिसतो.

हे क्लबात समजावून सांगताना जे घडलं ते मी कधी विसरणार नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांनी तो सगळा ‘पासवर्ड’ प्रोजेक्टरवर लावला, आणि काकांनी चष्मा वर केला आणि सरळ वाचायला लागले, ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की…’ अख्खं आमंत्रण, एकदाही न अडखळता, नुसती इंग्रजी अक्षरं बघून! पोरं उभी राहिली टाळ्या वाजवत. तेव्हापासून दर महिन्याच्या सभेत पाच मिनिटं ‘गिचमिड वाचन’ असतं, कोणीतरी जुनी फाईल आणतं, पोरं आधी प्रयत्न करतात, नाही जमलं की काका वाचतात. दोन मुलींना आता येतंसुद्धा.

पण सगळ्यांकडे असे काका नसतात, म्हणून उपाय. मेसेजमध्ये आलेला मजकूर असेल तर पाठवणाऱ्याकडून मूळ वर्ड फाईल मागा, कारण मेसेजमध्ये कॉपी-पेस्ट झालं की फॉन्टचं नाव गळून जातं आणि ते नावच तर आपल्याला हवं असतं. फाईल उघडा, बिघडलेल्या मजकुरावर क्लिक करा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत कुठलं नाव दिसतंय ते बघा. तुमच्याकडे तो फॉन्ट नसला तरी नाव तिथे दिसतं. मग त्या नावाचा कन्व्हर्टर शोधा, जो त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करतो. एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही हे लक्षात ठेवा, प्रत्येकाची मुखवट्यांची वाटणी वेगळी आहे, चुकीचा वापरला तर गिचमिडीची मराठी गिचमिड होते आणि ती वाचायला काकाही नकार देतात. रूपांतर झाल्यावर आमंत्रणातले फोन नंबर, ईमेल आणि इंग्रजी शब्द डोळ्यांत तेल घालून तपासा, कारण कन्व्हर्टरला कळत नाही की हे खरंच इंग्रजी आहे, तो त्याचंही मराठी करून टाकतो. आमच्या क्लबचा ईमेल असाच एकदा कुठल्यातरी मंत्रासारखा झाला होता आणि बाईंनी तो चालीत म्हणून दाखवला.

आणखी एक, ऱ्हस्व वेलांटी. टाईपरायटरवर वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, जुन्या फॉन्टमध्ये पण तसंच. युनिकोडमध्ये उलट, आधी अक्षर आणि मग वेलांटी, म्हणजे आपण जसं बोलतो तसं. साध्या कन्व्हर्टरमध्ये जोडाक्षरावरची वेलांटी हमखास एक घर चुकते. ‘स्थिती’, ‘शक्तिशाली’, ‘प्रसिद्धिपत्रक’ असले शब्द शोधून बघा. काकांना ही उलटी सवय लावायला चार महिने गेले, पण आता ते इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर, टाईप करतात आणि स्वतः दुसऱ्यांना शिकवतात, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं, असं ते अगदी तबला शिकवल्यासारखं मांडीवर बोटं वाजवून दाखवतात.

आता दुसरा प्रकार, डोक्यावर तिरकी काडी असलेला छोटा इंग्रजी ए पुन्हापुन्हा दिसतो आणि त्याच्या पाठीमागे कधी चार टोकं फुटलेलं एक गोल, कधी जपानी येनचं चिन्ह. हे दिसलं की आनंद माना, कारण मजकूर युनिकोडच आहे आणि पूर्ण शाबूत आहे. झालंय एवढंच की देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८ ह्या युनिकोड साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि उघडणाऱ्या प्रोग्रामने त्या तिन्ही बाइटना तीन वेगळी युरोपियन अक्षरं समजून दाखवलं. ‘मराठी’ ह्या शब्दात कॉम्प्युटरच्या हिशोबाने पाच चिन्हं आहेत, म र काना ठ आणि वेलांटी, तर त्याची पंधरा होतात. आमच्याकडे हे कायम एक्सेलमध्ये होतं, सभासदांची यादी सीएसव्ही फाईल (रकान्यांमध्ये स्वल्पविराम घातलेली साधी मजकुराची फाईल) म्हणून उतरवली आणि डबल क्लिक केलं की झालं. डबल क्लिक करूच नका. एक्सेल रिकामं उघडा, डेटा टॅबमध्ये जाऊन टेक्स्ट किंवा सीएसव्ही फाईलमधून आणण्याचा पर्याय घ्या, आणि समोर जी खिडकी येते तिच्यात फाईल ओरिजिनच्या जागी ६५००१ युनिकोड युटीएफ-८ निवडा. लगेच त्याच खिडकीत खाली मराठी दिसायला लागतं, तेव्हा आमचे खजिनदार प्रत्येक वेळी ‘आला बाबा पांडुरंग’ म्हणतात. आणि दुसऱ्याला द्यायची असेल तर सेव्ह ॲज मध्ये साधी सीएसव्ही न निवडता सीएसव्ही युटीएफ-८ निवडा, म्हणजे त्याच्याकडे डबल क्लिकनेही नीट उघडते.

प्रश्नचिन्हं दिसतायत? इथे मात्र वाईट बातमी आहे. ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर खरंच गेलेला असतो, कुठलाही फॉन्ट टाका, काही होणार नाही. बऱ्याचदा हे जुन्या नोटपॅडमध्ये होतं, फाईल ॲन्सी ह्या जुन्या, मराठी न मावणाऱ्या प्रकारात सेव्ह करताना एक इशारा येतो की युनिकोड अक्षरं नष्ट होतील, आणि आपण सवयीने ओके दाबतो. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटनंतर नोटपॅड आपणहून युटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं म्हणून हे कमी झालंय, पण जुन्या मशीनवर सेव्ह ॲजच्या खिडकीत खाली एन्कोडिंग लिहिलेलं असतं तिथे बघून मगच सेव्ह करा.

आमची वर्गणीची यादी अशीच गेली. आकडे होते, नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. खजिनदार काका बँकेतून रिटायर झालेले, त्यांना रात्रभर झोप नाही. पण एका पोराच्या लक्षात आलं की प्रत्येक चिन्हामागे एकच प्रश्नचिन्ह पडलंय, म्हणजे नावाची लांबी शिल्लक आहे! कदम म्हणजे तीन, जाधव म्हणजे चार कारण काना वेगळा मोजायचा, देशमुख सहा. मग काय, पुढच्या सभेत चहा बाजूला ठेवून सगळे त्यालाच लागले, फळ्यावर प्रश्नचिन्हं मांडली आणि शब्दकोड्यासारखं सोडवत बसलो, कोणी ओरडतंय ‘पाच आहेत, पाटील!’ तर दुसरं म्हणतंय ‘अहो शिंदे पण पाचच होतात, अनुस्वार धरा की’. आणि मग पावतीपुस्तकातल्या रकमांशी ताडून बघितलं. दीड तासात सगळी यादी परत उभी राहिली, एकही रुपया इकडचा तिकडे नाही. आत्तापर्यंतची आमची सगळ्यात रंगलेली सभा तीच, आणि तेव्हापासून यादीची एक प्रत पेनड्राईव्हवर आणि एक छापून फाईलला लावतो.

चौकोनांचं थोडक्यात सांगते कारण ते सोपं आहे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन म्हणजे मजकूर ठीक, फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट मंगल, निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी किंवा ‘मुक्त’ नावाचा, जो असेल तो द्या. विंडोज १० मध्ये मंगल आपोआप येत नाही, सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात ऑप्शनल फीचर्स, तिथून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्यावे लागतात. लिबरऑफिसवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तिथे मराठीचा फॉन्ट वेगळ्या खान्यात असतो, सीटीएल फॉन्ट म्हणून, पाश्चात्त्य फॉन्टच्या खान्यात कितीही बदला मराठीवर काडीचा फरक पडत नाही. आमच्या एका मावशींनी तासभर फॉन्ट बदलले आणि मग कॉम्प्युटरला सांगितलं, ‘तुझंच खरं’, तेव्हा कळलं की खाना चुकत होता.

फ्लेक्सचा प्रकार मात्र वेगळाच. स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स आला त्यावर ‘वार्षिक’ मधली वेलांटी ष च्या पुढे जाऊन बसलेली, आणि रफार वर चढलाच नव्हता, र चा पाय मोडून तो खालीच उभा. अक्षरं सगळी होती, पण जणू कोणाचं कोणाशी पटत नव्हतं. हा फॉन्टचा दोष नसतो. देवनागरीत अक्षरं एकापुढे एक मांडून भागत नाही, वेलांटी मागे न्यावी लागते, रफार वर चढवावा लागतो, जोडाक्षर घडवावं लागतं, आणि हे काम प्रोग्रामने करायचं असतं. डिझाईनच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी वेगळी सेटिंग असते आणि ती बंद असली की हे होतं. फोटोशॉपच्या २०२२ आधीच्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेस, टाईप, तिथे वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचं, त्याहून जुन्या आवृत्तीत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं लिहिलेलं असतं. इनडिझाईनमध्ये परिच्छेदासाठी ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. फ्लेक्स करणारा मुलगा चांगला होता, त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं, पोरांनी त्याच्या दुकानात बसून पाच मिनिटांत लावून दिलं, आता तो दर सभेला येतो आणि आमचे फ्लेक्स त्याच्याकडूनच होतात. तुमच्या फ्लेक्सवाल्याला हे जमत नसेल तर सरळ फॉन्टसकट पीडीएफ करून द्या आणि तीच चित्र म्हणून ठेवायला सांगा. पण पीडीएफमधून मराठी कॉपी करून परत वापरायला जाऊ नका, छापायला ती उत्तम, उचलायला नाही, वेलांट्या आणि जोडाक्षरं गळतात.

आता आमच्या र कडे येऊ. ऱ्य आणि ऱ्ह मधला तो छोटा आडवा र, मराठीच्या बाई त्याला कोयरीचा र म्हणतात आणि क्लबात सगळे आता तेच म्हणतात. हिंदीला ह्याची गरज पडत नाही पण आपल्याला पदोपदी लागतो, दुसऱ्या, पांढऱ्या, वाऱ्यावर, बिऱ्हाड, कुऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा. आणि हा नुसता सजावटीचा प्रश्न नाही, अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. स्नेहसंमेलनाच्या वृत्तांतात मी लिहिलं होतं, ‘रुचकर जेवणाबद्दल आचाऱ्यांचे आभार’. छापून आलं ‘आचार्यांचे आभार’. ज्यांनी जेवण बनवलं होतं त्यांनी तो कागद घरी नेऊन फ्रेम केला, आणि पुढच्या वर्षी जेवण सांगायला गेलो तर म्हणाले, ‘आता आचार्यांचा दर वेगळा आहे हं बाई’. दर त्यांनी तोच लावला, वर जिलबी जास्त वाढली.

हे असं का होतं ते सांगते. कोयरीचा र लिहायचे दोन रस्ते आहेत. एक, साधा र, मग पाय मोडायचा, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य किंवा ह. दुसरा, खाली टिंब असलेला ऱ, मग पाय मोडायचा, मग य किंवा ह. दिसायला दोन्ही अगदी सारखे. पण पहिल्या रस्त्यातलं ते न दिसणारं चिन्ह फार बेभरवशाचं, मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना कितीतरी प्रोग्राम ते फालतू समजून काढून टाकतात, आणि ते गेलं की उरतो साधा र आणि मोडका पाय, म्हणजे रफार. आचाऱ्याचा आचार्य झाला तो असा. कऱ्हाडचं कर्हाड झालं तेही असंच. टिंबवाल्या ऱ मध्ये काढून टाकण्यासारखं काही नाहीच, म्हणून तो प्रवासात टिकतो.

दुसरा त्रास शोधताना. अर्ध्या लोकांनी एका रस्त्याने लिहिलं आणि अर्ध्यांनी दुसऱ्या, की डोळ्यांना एकच दिसणारं नाव कॉम्प्युटरला दोन वेगळी वाटतात. आमच्या यादीत गावासमोर कऱ्हाड शोधलं तर एकवीस जण सापडायचे, प्रत्यक्षात होते अडतीस. सतरा जण गावात राहून गावाबाहेर! मतदानाला कोणाला बोलवायचं ह्यावर वाद व्हायची वेळ आली होती, आणि बाईंनी त्या सतरा जणांना ‘वेशीबाहेरचे’ असं नाव दिलं, ते अजून तेच सांगतात अभिमानाने.

तर करायचं काय. इनस्क्रिप्टवर टाईप करत असाल तर शिफ्ट आणि जे दाबलं की टिंबवाला ऱ येतो, मग डी ने पाय मोडा, मग य किंवा ह. एवढंच. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घेतली की हा कीबोर्ड येतो, विंडोज की आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी करणारा कीबोर्ड असेल तर सुचवलेल्या शब्दांच्या पट्टीकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, दर्या की दऱ्या हे त्याला कळत नाही, तुम्हाला कळतं. आणि आधी लिहिलेला मजकूर कुठल्या रस्त्याने लिहिलाय हे तपासायचं असेल तर वर्डमध्ये एक छान युक्ती आहे, आहे त्या फाईलवर नको, कॉपीवर करा. त्या जोडाक्षरानंतर कर्सर ठेवून बॅकस्पेसने मागची चिन्हं एकेक करून पुसा, नुसता र उरला की आल्ट आणि एक्स दाबा, अक्षराच्या जागी त्याचा नंबर येतो. ०९३१ आला तर टिंबवाला, ०९३० आला तर साधा र. परत आल्ट एक्स दाबलं की अक्षर जागेवर. कीबोर्डवर ऱ सापडतच नसेल तर उलटंही चालतं, इंग्रजी आकड्यांत ०९३१ लिहा आणि आल्ट एक्स दाबा, ऱ हजर.

मोठी यादी असेल तर हाताने करत बसू नका. आमच्या पोरांनी पायथॉन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन-तीन ओळींचा प्रोग्राम केला, जिथे जिथे साधा र, मोडका पाय आणि न दिसणारं चिन्ह असे तीन ओळीने येतात तिथे ऱ आणि मोडका पाय ठेवायचा. त्या तिघांचा दुसरा अर्थ मराठीत नाही म्हणून बिनधास्त बदलता येतं. पण जिथे ते चिन्ह आधीच गळून गेलंय तिथे प्रोग्राम काही करू शकत नाही, कारण आचार्य हा पण खरा शब्दच आहे. तिथे माणूस लागतो. आमच्याकडे बाई लाल पेन घेऊन बसतात.

तशीच भानगड ॲ आणि ऑ ची. ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये ते २००८ मध्ये आलं, त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र द्यायचे आणि अजूनही बरेच जण तसंच लिहितात. दिसायला सारखं, शोधायला वेगळं. ऑफिसमधला ऑ सुद्धा एकच अक्षर म्हणून लिहा, आ लिहून त्यावर चंद्र दिलात तर काही मोबाईलवर चंद्राखाली टिंबांचं रिकामं वर्तुळ येतं. कुठेही ते टिंबांचं वर्तुळ दिसलं की समजा मात्रा चुकीच्या ठिकाणी पडलीय किंवा दोनदा पडलीय, मागे जाऊन पुसा आणि तेवढंच अक्षर परत लिहा.

ल आणि श ची वळणं हिंदीसारखी येतात अशी तक्रार बाई नेहमी करतात आणि मला ती पटते, राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीची प्रमाण वळणं ठरवून दिलीत तर ती वापरावीत. मजकूर सिलेक्ट करून भाषा मराठी अशी लावा, काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषा बघून ते योग्य ते दाखवतात. फॉन्टमध्ये नसेल तर फॉन्ट बदला, दुसरा इलाज नाही.

हे सगळं प्रत्येक वेळी कोण तपासणार, म्हणून आम्ही एक वाक्य केलंय. कुठलंही आमंत्रण, यादी, फ्लेक्स करायच्या आधी हे एकच वाक्य त्या कॉम्प्युटरवरून त्या माणसाकडे पाठवायचं आणि त्याने त्याच्याकडे काय दिसतंय त्याचा फोटो काढून परत पाठवायचा. वाक्य असं,

कऱ्हाडच्या आचाऱ्यांनी ऑक्टोबरात ॲल्युमिनियमच्या पातेल्यात वार्षिक स्नेहसंमेलनाची खिचडी शिजवली.

ह्यात दोन कोयरीचे र आहेत, ऑ आहे, ॲ आहे, रफार आहे, रफाराला लागूनच वेलांटी आहे, जोडाक्षरं आहेत. हे नीट पोचलं तर बाकी सगळं नीट पोचतं. बिघडलं तर काय बिघडलं ते फोटोत लगेच दिसतं आणि वर लिहिलेल्यातलं कुठलं औषध ते ठरवता येतं. उचला आणि वापरा, तुमच्या गावाचं नाव घाला हवं तर.

ह्या वर्षी फ्लेक्सवाल्या मुलाला चाचणीसाठी हे वाक्य पाठवलं आणि पाठोपाठ खरा मजकूर. त्याने दोन्ही छापलं, खाली मोठ्या लाल अक्षरात. कोजागिरीला घाटावर फ्लेक्स लागला आणि फिरायला आलेली माणसं थांबून विचारायला लागली, ‘खिचडी कुठे मिळतीय?’ आचारीकाका आमच्यातच बसले होते, ते उठले, घरून मोठं पातेलं आणवलं, ॲल्युमिनियमचंच, आणि दुधाच्या आधी सगळ्यांना खिचडी झाली. बाईंनी चष्मा लावून फ्लेक्स दोनदा वाचला, एकेक अक्षर बोटाने तपासत. सगळी जागच्या जागी होती.